दाजींची मोजणी

किती वाजले हे ठाऊक नसताना किती वेळ गेला हे बिनचूक सांगणारा माणूस या भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईचा नवरा निघाला. आमच्या नांदेडकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो; आणि मी म्हणतो म्हणून हैदराबादेतल्या गौलीगुड्यातली आमची अख्खी गल्ली त्यांना दाजीच म्हणत असे. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई त्याला आदराचं 'गारू' जोडून 'दाजीगारू' म्हणत, कोपऱ्यावरचा इराणी हॉटेलवाला 'दाजी मियाँ' म्हणे, आणि दाजी सगळ्यांनाच सारख्याच गोंधळलेल्या चेहऱ्याने ओ देत. लोक मोठमोठ्या डोंगरांपुढे, समुद्रापुढे उभे राहून थक्क होतात असं ऐकतो. मी हैदराबादेत एका मध्यम उंचीच्या, शर्टाचं वरचं बटण नेहमी तुटलेल्या माणसापुढे थक्क झालो, आणि अजून सावरलेलो नाही.

दाजी मनगटावर घड्याळ बांधत नसत. लग्नात आमच्या वडिलांनी हौसेनं दिलेलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ ताईच्या कपाटात मखमलीत गुंडाळलेलं असे. दाजींना कुणी "किती वाजले?" असं विचारलं की ते ओशाळत. "ते दुसऱ्या कुणाला तरी विचार बाबा," म्हणत. पण "दाजी, कुकर लावून किती वेळ झाला?" असं विचारलं की पेपरातून डोकं न काढता उत्तर येई आणि त्या उत्तरावर भात उतरवला तर तो कधी बिघडला नाही. वरच्या तेलुगू बाई इडलीचं पात्र चुलीवर ठेवलं की गॅलरीतून खाली ओरडून सांगत, "दाजीगारू, रखी मैं!" आणि वेळ भरली की दाजी खालून ओरडत, "उतारो अम्मा!" या कामी त्यांना कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. ते मध्ये वाद घालत, आंघोळ करत, एकदा तर चक्क झोपले होते. पण इडली उतरायच्या वेळेला बरोबर जागे झाले.

उलट, कुठं वेळेवर पोचायचं म्हटलं की संपलंच. मलकपेठेत एका चुलतबहिणीचं लग्न होतं. आम्ही पुढं गेलो, दाजी मागून येणार होते. ते आले तेव्हा मंडळी हात धुऊन विडे तोंडात टाकत होती. ताईचा चेहरा पाहून कुणीही माफी मागितली असती. दाजी समाधानानं म्हणाले, "घरून निघून इथं पोचायला जेवढा वखत लागायला पायजे ना, बरोबर तेवढाच लागला बघ." मग जरा विचार करून म्हणाले, "आता निघालो कधी, ते मात्र मला ठाऊक नाही." त्यांना वेळेवर आणावं म्हणून ताईनं घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं करून ठेवलं होतं. त्याचा परिणाम एवढाच झाला की दाजी सोडून आम्ही सगळे जिथंतिथं लवकर पोचू लागलो, आणि दाजी त्या घड्याळाकडं कधी बघतच नव्हते.

त्यांच्या घरातली दुसरी नवलाची वस्तू म्हणजे देव्हाऱ्याशेजारचा कॉम्प्युटर. वडील गेल्यावर आई आणि मी गाव सोडून हैदराबादेत आलो, ताईच्या खालच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं, त्याच दिवशी दाजी कुठून तरी हा जुना डबा घेऊन आले. "पोराला टायपिंग शिकायचंय," एवढंच म्हणाले, आणि बटण दाबलं. ते बटण नंतर कधी उलटं दाबलं गेलं नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर होता; इन्व्हर्टरची बॅटरी दमली तर दाजी शेजाऱ्याची आणत. ताई भोवतीनं धूळ पुसायची, खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल लागायचं, पण बंद करायची कुणाला परवानगी नव्हती. आई म्हणायची, "जावईबापूंनी नंदादीप लावलाय, तेलाऐवजी विजेवर." मी त्यावर टायपिंग शिकलो, चुकलो, परत शिकलो, आणि पुढं दाजींच्याच कचेरीत कंत्राटी टंकलेखक म्हणून लागलो.

ही कचेरी म्हणजे सरकारी महामंडळ. नाव सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. दाजी तिथं कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत. त्यांना वेळेचं हे वेड तिथंच लागलं. झालं असं, की आम्ही हैदराबादेत यायच्या आधी तिथं मोठमोठ्या फायली एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पाठवायला किती वेळ लागतो हे मोजणारा एक प्रोग्रॅम होता. काम सुरू होताना घड्याळ बघायचं, संपताना बघायचं, आणि वजाबाकी करायची. कुणीही असंच केलं असतं. एक दिवस उत्तर उणे आलं. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच संपलेलं! वरचे साहेब खूश झाले, सरकारी कामात एवढी गती त्यांनी कधी पाहिली नव्हती. दाजी मात्र जेवले नाहीत. शेवटी शोध लागला की काम चालू असताना मशीननं आपलं चुकलेलं घड्याळ आपणच दुरुस्त करून मागं घेतलं होतं.

त्या दिवसापासून दाजी बदलले. मला त्यांनी पुढं एकदा ताटावर बसल्या बसल्या समजावलं, "हे बघ, मशीनच्या पोटात दोन घड्याळं असतात. एक किती वाजले ते सांगतं. ते लोकांसाठी. त्याला कुणीबी पुढं ढकलतं, मागं ओढतं, ते सोताच लाजून दुरुस्त होतं. दुसरं एक असतं, त्याला किती वाजले, कोणती तारीख, काहीच ठाऊक नाही. मशीन चालू झाली की ते मोजायला लागतं, आन् बस्स, मोजतच राहतं. पुढंच जातं, मागं येतच नाही. किती वखत गेला हे विचारायचं तर त्यालाच विचारायचं." मी विचारलं, "आणि मशीन बंद केली तर?" दाजींनी घास खाली ठेवला. "मग गेलं की. परत शून्यापासून." देव्हाऱ्याशेजारचा डबा का बंद होत नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्यासमोर वरणभात कालवत बसलेला माणूस त्या दुसऱ्या घड्याळासारखाच आहे, हेही त्याच ताटावर लक्षात आलं.

मग राज्य दुभंगलं. एकाची दोन राज्यं झाली आणि आमच्या महामंडळाचीही वाटणी निघाली. कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, झेरॉक्सच्या मशीनवरून दोन दिवस भांडण चाललं. माणसांच्या याद्या लागायच्या होत्या. आम्हा कंत्राटी लोकांसाठी हुकूम निघाला: टायपिंगची परीक्षा घ्यायची, पास होईल तो इकडच्या बाजूला हैदराबादेत कायम, नापास होईल त्याचं कंत्राट संपलं. माझ्यापुढं दुसरा कुठला आधार नव्हता. आईला दम्याचा त्रास, गावचं घर चुलत्यांकडं गेलेलं. ही परीक्षा गेली असती तर आई आणि मी कुठं जाणार होतो ते मला खरोखर माहीत नव्हतं. आई रोज संध्याकाळी माझ्या बोटांना तेल चोळायची, जणू मी कुस्तीला उतरणार होतो.

परीक्षेचा प्रोग्रॅम अर्थातच दाजींनी लिहिला. पंधरा मिनिटांत उतारा टाइप करायचा. पडद्याच्या तळाशी एक निळी पट्टी. वेळ जाईल तशी भरत जाणारी, आणि भरली की की-बोर्ड आपोआप थांबणार. परीक्षेआधी दाजींनी आम्हा सगळ्यांना उभं करून दोन्ही घड्याळांवर इतकं लांबलचक भाषण दिलं, की लोक खिडकीबाहेर बघायला लागले. "कोने की घडी को नक्को देखो, नीचे की पट्टी देखो," हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. मग ते बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत आपला साला परीक्षेला बसलाय, तेव्हा आपण आत थांबणं बरोबर नाही, असा त्यांनीच स्वतःला घालून घेतलेला नियम.

आत देखरेखीला आमचे सूपरिंटेंडंट होते. हा मोठा सज्जन तेलुगू गृहस्थ, पण वक्तशीरपणाचा भोक्ता. लोकांनी वेळेवर यावं म्हणून त्यांनी कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ, आमच्या ताईसारखंच, दहा मिनिटं पुढं ठेवलेलं असे. सगळ्या कचेरीला ते माहीत असल्यानं सगळी कचेरी त्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं उशिरा येई. तर सूपरिंटेंडंटांनी समोरच्या मुख्य कॉम्प्युटरवर बघून फळ्यावर खडूनं लिहिलं, 'सुरुवात दहा वाजता', आणि आम्ही बडवायला लागलो. थोड्या वेळानं त्यांची नजर भिंतीवर गेली. भिंतीवर एक वेळ, कॉम्प्युटरवर दुसरी! परीक्षेसारख्या गंभीर प्रसंगी एका खोलीत दोन वेळा असणं त्यांना सहन झालं नाही. त्यांनी शुद्ध मनानं त्या मुख्य कॉम्प्युटरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून टाकलं. आमच्या मशिनी आपली वेळ त्याच्याकडूनच घेत. प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात एकदम सव्वादहा झाले.

सूपरिंटेंडंटांनी फळ्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि गरजले, "टाइम अयिपोयिंदी! स्टॉप! सबलोगां हाथ उठाव!"

सगळ्यांनी हात उचलले. माझ्या शेजारची मुलगी मांडीवर हात ठेवून पडद्याकडं बघत राहिली. तिचा उतारा अर्ध्यावरही आला नव्हता. मीही थांबलोच होतो. माझ्या डोळ्यांपुढं आई आली, तेलाची वाटी आली. आणि मग सहज नजर खाली गेली. पट्टी जेमतेम तिसरा हिस्सा भरली होती आणि शांतपणे पुढं सरकत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला दाजींचं भाषण शब्द न शब्द आठवलं. मी टाइप करायला लागलो. सूपरिंटेंडंट धावत आले. "सुनाई नहीं देता? स्टॉप!" मी बोटं न थांबवता म्हणालो, "सर, पट्टी बाकी है." गलका ऐकून दाजी दारात आले, तेव्हा साऱ्या खोलीसमोर सूपरिंटेंडंटांनी विचारलं, "क्या दाजीगारू, अपने बावमरिदी के वास्ते अलग टाइम रखे क्या?" बावमरिदी म्हणजे तेलुगूत साला. खोलीतला प्रत्येक माणूस माझ्याकडं बघायला लागला. दाजींची सारी नोकरीची अब्रू आणि माझं घर, दोन्ही त्या एका प्रश्नावर लटकत होतं.

दुसऱ्या कुणी आधी खुलासा केला असता. दाजींनी सूपरिंटेंडंटांकडं पाहिलंसुद्धा नाही. "झगडा बाद में करेंगे साब, इन लोगां का वखत चल रा," एवढं म्हणून ते आमच्याकडं वळले. "घडी को नक्को देखो! पट्टी देखो! मारो!" असा आवाज मी त्यांचा पुन्हा कधी ऐकला नाही. सगळ्या खोलीत एकदम की-बोर्ड वाजायला लागले. आम्ही टाइप करत होतो आणि समोर फळ्यापाशी दाजी हळू आवाजात विचारत होते, "साब, ये दस बजे कौन सी घडी देख के लिखे?"

"कंप्यूटर की."

"और सव्वादस किस की है?"

सूपरिंटेंडंटांनी भिंतीकडं बोट केलं आणि बोट तसंच राहिलं.

"शुरू एक घडी से, खतम दुसरी घडी से," दाजी म्हणाले. "तो बीच का वखत किसका, साब?"

सूपरिंटेंडंटांनी चष्मा काढला आणि ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अय्यो. मैंइच करा ना वो." पट्टी भरली, की-बोर्ड थांबले, आणि माझा उतारा पूर्ण झालेला होता. निकालात मी पहिल्या काहींत होतो. आईनं देवापुढं साखर ठेवली.

ती साखर मुंग्यांनीही संपवली नसेल, तोवर दाजींनी वर लिहून कळवलं की ही परीक्षा रद्द करावी. सगळ्यांची. माझीसुद्धा! त्या संध्याकाळी ताईनं भांडी अशी आपटली की वरच्या तेलुगू बाई काय झालं म्हणून खाली आल्या. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "दाजी, तुमची पट्टी बरोबर होती ना? वेळ बरोबर मोजला ना?"

"मोजला की बरोबर," दाजी म्हणाले. "पण मिळाला नाही सगळ्यांना. तुझ्या बाजूची ती पोरगी हात मांडीवर घेऊन बसलती, तेवढा वखत पट्टीनं मोजलाच ना? तिचा तर गेला."

"मग तिला तेवढा परत द्या. माझी परीक्षा कशाला घालवता?"

"गेलेला परत नाही देता येत रे. नवा द्यावा लागतो, आन् सगळ्यांना सारखा." ते माझ्याकडं बघत नव्हते. समोरचं ताट त्यांनी तसंच सरकवून ठेवलं, आणि मला कळलं की या माणसालाही भीती वाटते, माझ्याइतकीच. तरी त्यांनी अर्ज मागं घेतला नाही. मागं घेणं त्यांच्या पोटातल्या घड्याळात नव्हतंच. आई तेवढी म्हणाली, "जावईबापू म्हणतात तर बस बाबा परत." आणि तेलाची वाटी घेऊन आली.

दुसऱ्या परीक्षेला सूपरिंटेंडंटांनी भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवून टॉवेलात गुंडाळून खुर्चीखाली ठेवलं होतं. माझी बोटं गार पडली होती. मी काठावर पास झालो. शेजारची मुलगी माझ्या बरीच वर होती. मी हैदराबादेत राहिलो, आई राहिली.

आणि दाजी गेले. सूपरिंटेंडंट स्वतः पलीकडच्या, विजयवाड्याच्या वाटणीत होते. त्यांनी झेरॉक्सचं मशीन सोडलं, कपाटं सोडली आणि वरिष्ठांकडं धरणं धरून दोनच गोष्टी मागून घेतल्या: आपलं भिंतीवरचं घड्याळ आणि दाजी. दाजींना नाही म्हणता आलं असतं. ते इथलेच होते, हरकत घेतली असती तर ऐकलं गेलं असतं. ताईनं, मी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. "तिकडल्या कंत्राटी लोकांचीबी परीक्षा राहिलीय," दाजी म्हणाले. "तिथंबी कुणाचा तरी साला बसणारच की." मग जरा हसून म्हणाले, "छप्पन सालच्या राज्यांच्या पुनर्रचनेत आमच्या बापाचं गाव पलीकडं गेलं, बाप इथं राहिला. या बारीला गाव राहतंय, मी जातो. हिशोब फिटला."

सामानाचा ट्रक दारात लागला तेव्हा सगळं चढवून झाल्यावरही देव्हाऱ्याशेजारचा कॉम्प्युटर तसाच चालू होता. दाजींनी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी दोरीनं बांधली, वायरी जोडल्या, डबा आईच्या गोधडीत गुंडाळला आणि चालता कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हर म्हणाला, "क्या है साब, बच्चा है क्या?" ताई मागून ओरडली, "माझ्या बापानं दिलेलं घड्याळ पेटीत, आन् हा डबा मांडीवर!" आपलं दहा मिनिटं पुढचं घड्याळ तिनं आईच्या हातात दिलं आणि ट्रक बसस्टँडच्या बाजूनं वळला. विजयवाड्यापर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांत त्या डब्याचं काय झालं असेल या विचारानं मी दिवसभर अस्वस्थ होतो. संध्याकाळी फोन आला, "पोचलो. चालू आहे."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी कायम झालो, माझं लग्न झालं. लग्नाला दाजी विजयवाड्याहून आले आणि मंडळी हात धूत असताना पोचले. आई थकली आहे. परवा तिनं उगाच विचारलं, "ताई तिकडं जाऊन किती वर्षं झाली रे?" मला एकदम सांगता येईना. म्हटलं, ज्याचं काम त्यालाच विचारावं. फोन लावला.

"दाजी, तुम्हाला तिकडं जाऊन किती वखत झाला हो?"

आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं अशा प्रश्नाला उलट प्रश्न केला.

"तिकडं जाऊन?" दाजी म्हणाले. "ते मोजलंच नाही रे. तू आन् आई गावाहून आलता ना, त्या दिवशी मशीन चालू केलती. मोजणी तिथूनच चालू आहे. मधी बंद कुठं केली?"

आई आतून विचारत होती, काय म्हणतात जावईबापू. मी फोन तिच्या कानाला लावला आणि ताईच्या घड्याळाखाली जाऊन उभा राहिलो. किती वाजले होते ते मी पाहिलं नाही.